रुग्ण व्यायाम टाळतो

कारखान्याच्या डॉक्टरांनी माझ्या भावाच्या उजव्या दंडाभोवती फीत गुंडाळली, आकडा पाहिला आणि कागदावर लिहिलं, ‘रुग्ण व्यायाम टाळतो.’

“करा इथे सही.”

भाऊ काच कापतो. बावीस वर्षं एकच टेबल. पाच महिन्यांपूर्वी तावदान घसरलं आणि खांद्याशी हाताच्या नसा तुटल्या. शिवल्या, पण नस वाढते मुंगीच्या पावलानं, तोवर हात वाळत चाललाय. त्या ओळीखाली सही म्हणजे हात आपणच घालवला अशी कबुली. मग टेबल दुसऱ्याचं.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसण्याआधी मी त्याचा हात शंभर वेळा वाकवते. एक दिवस खाडा नाही.”

“मग खायला घाला नीट.”

“घातलं की ताईनं,” भाऊ म्हणाला. “दूध, अंडी, वर साय. हे पोट बघा. सगळा माल इथेच उतरला.”

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. चूक माझीच होती. रोपाला पाणी घातल्यासारखी मी त्याला भरवत होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कालच मला जवळ बसवून समजावलं.

“नसेचा हुकूम आला की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, जाळतो,” मी डॉक्टरांना सांगितलं. “हुकूमच थांबला तर साखर दारावरून जाते, आत नेहमीसारखी शिरत नाही. आतल्या भट्ट्या विझत जातात. मग स्नायू स्वतःचंच मांस मोडून खातो. उपाशी हाताला तुम्ही आळशी म्हणताय.”

“बाई, मला शिकवू नका.”

“शिकवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असून लिहिलंत, त्याचा राग आहे.”

माझा आवाज चढला नव्हता.

“हात बारीक झाला की हेच लिहायचं, असं वरून आलंय.”

“आणि तावदान धरणारा पट्टा कुजका होता, ते कुठल्या कागदावर लिहायचं?”

डॉक्टर फीत गुंडाळत राहिले.

“ताई, असू दे,” भाऊ म्हणाला आणि त्यानं डाव्या हातात पेन घेतलं. हरला, मला वाटलं. उजवा हात त्यानं उचलून कागदावर ठेवला, कागद हलू नये म्हणून. वजन म्हणून.

काच कापायची हिरकणी काचेवर एकदाच फिरवतात. पुन्हा गिरवली की काच भलतीकडेच फुटते. त्यानं त्या ओळीवरून एकच रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डाव्या हाताची होती, तरी सरळ.

पेनाला टोपण लावून त्यानं ते डॉक्टरांपुढे ठेवलं. मग डाव्या हातानं उजवा उचलून घेतला, आणि उठला.