मागच्या भिंतीचा चुना

रादोयेने चमचा नेवेनाच्या हातात दिला आणि गोड गव्हाचं ताट तिच्यापुढे धरलं. तिचे बूट चिखलाने माखले होते, केसांतून पाणी ठिबकत होतं. पुलापासून ती जवळजवळ पळतच वर आली होती आणि अजून तिला धड श्वास घेता येत नव्हता.

"काका, मला जरा तुमच्याशी..."

"आधी घास," रादोये म्हणाला.

त्याच्या घराच्या संताचा दिवस होता, कुळाच्या रक्षक संताचा वार्षिक सण. या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं आणि दारातून कुणाला परत पाठवतही नाहीत. आलेल्याने क्रुसाची खूण करायची, शिजवलेल्या गव्हाचा घास घ्यायचा, मग काय ते बोलायचं. नेवेना याच देशात वाढलेली, तिला हे सांगायला नको होतं. तिने घास तोंडात टाकला. अक्रोड घातलेला तो गोड गहू एरवी तिला फार आवडायचा, पण आज तिने तो चव न घेताच गिळला.

आतल्या लांब टेबलाभोवती निम्मं गाव बसलं होतं. तिला पाहताच कुणीतरी हळूच भोंग्याचा आवाज काढला आणि सगळे खो खो हसले. विद्यापीठाच्या दरड-संशोधनाचं काम घेऊन ती या गावात आली तेव्हा लोक तिला डॉक्टरबाई म्हणायचे. वसंत ऋतूनंतर तिचं नाव भोंगाबाई पडलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. समोरच्या टेकडीवर तिने एक यंत्र बसवलं होतं. ते डोंगरउतारावर ठिकठिकाणी ठोकलेल्या छोट्या आरशांवर किरण टाकायचं आणि कुठला आरसा किती सरकला ते मोजायचं. वसंतात एका पावसाळी संध्याकाळी सगळेच आरसे एकदम सरकलेले दिसले. नेवेनाने भोंगा वाजवला. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खं गाव रात्रभर चर्चच्या अंगणात भिजत उभं राहिलं, आणि सकाळी कळलं की डोंगर जागच्या जागी आहे, यंत्राच्याच पायाखालचा चौथरा खचला होता. तिचं असं हसं झालं की महिनाभर तिला दुकानात पाव घ्यायला जायचीही लाज वाटत होती. गावाने यंत्र उखडून ओढ्यात फेकलं असतं. ते राहिलं ते रादोयेने पंचायतीत शब्द टाकला म्हणून.

डोंगराच्या पायथ्याशी गावाच्या या टोकाला त्याचं एकट्याचंच घर होतं. घराच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यावर, टेकडीवरून दिसेल असा, एक आरसा होता. दोन दिवस दाट धुकं होतं, यंत्राला काहीच दिसत नव्हतं. आज सकाळी धुकं थोडं फाटलं, फक्त हा एक आरसा दिसला, आणि तो चार सेंटीमीटर खाली आलेला होता. वरचे सगळे आरसे अजून धुक्यातच होते.

नेवेनाने बेलग्रेडला प्राध्यापक वुयोशेविचना फोन केला होता. त्यांनी साफ सांगितलं की एका आरशावर भोंगा वाजवायचा नाही. या वेळी तोंडघशी पडलो तर प्रकल्प गुंडाळावा लागेल, आणि मग खरोखर दरड आली तरी या गावातला माणूस अंथरुणातून उठणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं. पण त्या भिंतीच्या अलीकडे आज निम्मं गाव जेवायला बसलंय हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ती धावत आली होती.

"आता बोला," रादोये म्हणाला. यजमानाने या दिवशी बसायचं नसतं. तो सकाळपासून उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, हातात रकियाची, फळांच्या घरगुती दारूची, सुरई घेऊन.

"मला मागची भिंत बघायची आहे."

"आज? बरं. स्वयंपाकघरातून जा. आणि हे बघा, टेबलावर काही बोलू नका. कार्टी नुसती टपून बसलीयेत तुमच्यावर."

स्वयंपाकघरात त्याची बायको कोसारा भट्टीतून डुकराच्या मांसाची परात बाहेर ओढत होती. नेवेनाने आरशाचं नाव काढताच तिचा चेहरा कसनुसा झाला. तिने परात ठेवली, हात पुसले, आणि बाहेरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलायला लागली.

"डॉक्टरबाई, रागावू नका हं. मी तो काढला होता."

"काय काढलं?"

"आरसा. सणाला घर पांढरं नको का करायला? परवा मागच्या भिंतीला चुना दिला. त्याच्यावर शिंतोडे उडाले असते, म्हणून काढून ठेवला. व्हिनेगर लावून असा लख्ख पुसलाय म्हणता! आज सकाळी परत लावला, होता तिथेच. बोटभर खाली असेल फार तर."

नेवेनाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. ती स्टुलावर बसली. सरकलेले चार सेंटीमीटर म्हणजे या बाईची आवराआवर होती. तिने प्राध्यापकांना फोन लावला, तेही मोकळेपणी हसले, आणि म्हणाले की यापुढे प्रत्येक आरशावर पाटी लावा, सणासुदीला हात लावू नये म्हणून. कोसारानेही सुस्कारा सोडला आणि तिच्यापुढे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची बशी ठेवली. नेवेना दोन घास चवीने जेवली. सकाळपासून जीव टांगणीला लागला होता, तो आता कुठे खाली उतरला.

आरशाची नवी जागा तेवढी टिपून घ्यावी म्हणून ती उठली. मागचं दार उघडेना.

"खांदा लावा," कोसारा म्हणाली. "सकाळपासून अडकतंय मेलं. पावसानं फुगलं असेल."

नेवेनाने खांदा लावला तसं दार खालच्या बाजूला खरवडत उघडलं.

मागची भिंत पांढरीशुभ्र होती. कोसाराने जुन्या भेगा लिंपून वरून चुन्याचा जाड हात दिला होता. आरसा खरंच लख्ख होता. नेवेनाने त्याचा फोटो काढला, जागा मोजली, आणि जायला वळली तेव्हा तिला खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली रेघ दिसली. केसाएवढी बारीक रेघ, तिरपी खाली उतरून दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली. तिच्याखाली ओल्या गवतावर चुन्याचे ताजे पापुद्रे पडले होते.

ती वाकून जवळून पाहू लागली. वाळताना चुना तडकतो हे तिला माहीत होतं, पण तो जाळीसारखा सगळीकडे तडकतो. ही एकच रेघ होती आणि तिला दिशा होती. परवाच्या चुन्यावरची भेग परवाच्या आधीची असू शकत नव्हती. ती बघत असतानाच आणखी एक पापुद्रा सुटला आणि गवतावर पडला.

प्राध्यापकांना पुन्हा फोन करण्यात अर्थ नव्हता. चुन्याची भेग म्हणजे आकडा नव्हे, असं ते म्हणाले असते. यंत्राकडेही विचारायची सोय नव्हती. वरचे आरसे धुक्यात होते, आणि काढून पुसलेल्या या आरशाने आधीचं सगळं मोजमाप पुसून टाकलं होतं.

तिने रादोयेला बाहेर बोलावलं. त्याच्या मागोमाग कोसाराही आली. रादोयेने रेघ पाहिली, तिच्यावरून नख फिरवलं, मग मान वर करून धुक्यात शिरलेल्या उताराकडे पाहिलं. आतून गाण्याचा आवाज येत होता.

"माणसं इथून हलवायला हवीत," नेवेना म्हणाली. "जेवणं होईपर्यंत थांबून चालणार नाही."

"आज आलेल्याला जा म्हणता येत नाही, डॉक्टरबाई. लढाईच्या दिवसांतसुद्धा माझ्या बापानं कुणाला म्हटलं नाही."

"मग मी भोंगा वाजवते."

"वाजवा. लोक हसतील आणि आणखी एकेक पेला भरतील."

हे खरं होतं आणि ते तिच्याच करणीचं फळ होतं. तिला वाटलं, इथेच खाली बसून रडावं.

रादोयेने विचारलं, "वसंतात तुम्हाला खात्री होती?"

"होती."

"आणि आज?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो कदाचित लगेच हलला असता. नेवेनाने रेघेकडे पाहिलं.

"नाही, काका. आज खात्री नाही. आज मला नुसती भीती वाटतेय."

 रादोये सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत बायकोकडे वळला.

"कॉफी ठेव."

"अहो, मांस अजून टेबलावर गेलं नाहीये," कोसारा म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"सगळ्यांसाठी ठेव. लहान कपांतली."

 कोसाराचे डोळे भरून आले आणि ती आत गेली.

पाहुण्यांनी आता उठावं हे त्या मुलखात कुणी तोंडाने सांगत नाही. गप्पा लांबल्या, रात्र झाली, की घरची बाई न विचारता लहान कपांत कॉफी आणून ठेवते. ती प्यायची आणि टोपी शोधायची. पण ती आणायची ती सगळं खाऊनपिऊन झाल्यावर. भर दुपारी, पोटभर जेवू घालण्याआधी, तीही घराच्या संताच्या दिवशी कुणी आणली तर ते तोंडावर दार लावण्यासारखंच.

पहिला कप स्रेतेनपुढे गेला. रादोयेच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, त्याच्या मुलांना नावं दिलेला हा माणूस. इकडे या नात्यापुढे रक्ताचा भाऊही मागे. तो गाता गाता थांबला. त्याने कपाकडे पाहिलं, मग रिकाम्या ताटाकडे, मग रादोयेकडे.

"हे काय?"

"कॉफी," रादोये म्हणाला.

"चेष्टा करतोस?"

"नाही. पी, स्रेतेन."

एकेकापुढे कप ठेवला गेला तशी खोली गप्प होत गेली. कोसाराने एक थेंबही सांडू दिला नाही. स्रेतेनने कप एका घोटात संपवला, बशीत उपडा घातला आणि उठला. त्याच्या मागोमाग बाकीचे उठले. नेवेना दाराशी उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, कुणी भोंग्याचा आवाज काढला नाही. रादोये फाटकाशी पावसात उघड्या डोक्याने उभा राहून एकेकाला हात देत होता. काहींनी घेतला. स्रेतेन त्याच्या अंगावरून सरळ पुलाकडे चालता झाला.

नेवेना धुक्याकडे बघत होती. सगळे जण पूल ओलांडून गेले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात डोंगराला म्हणतोय, ये आता, पड. नाहीतर ही दोघं गावात तोंड कसं दाखवतील? त्या विचाराची तिला भेगेपेक्षाही जास्त भीती वाटली.

ती आत वळली. टेबलावर उपड्या कपांची रांग होती आणि मांसाची परात भट्टीजवळच, कुणी हात न लावलेली. कोसाराने भिंतीवरून संताची तसबीर उतरवून एप्रनमध्ये गुंडाळली होती. रादोये आत आला आणि टेबलाच्या टोकाशी, आपल्या नेहमीच्या जागी, उभा राहिला. तिथून तो हलेना. नेवेनाने दोनदा हाक मारली, तरी त्याने ऐकल्याचं दाखवलं नाही.

कोसाराने कॉफीचं भांडं उचलून हलवून पाहिलं. तळाशी थोडी कॉफी उरली होती. तिने फडताळातून एक लहान कप काढला, त्यात ती ओतली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

रादोयेने कपाकडे पाहिलं. मग पाहुण्यांच्या बाकावर बसून त्याने तो दोन्ही हातांनी उचलला.