त्र्याऐंशीव्या पानावरची हाक

आवाज! हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी हीच तक्रार. वरच्यांची खुर्ची सरकते, खालच्यांचा टीव्ही ओरडतो, शेजारच्यांचं दार आपटतं. या कुरकुरीत आपण सगळेच सामील आहोत, मीही आहे. पण अनाउन्सरकाकांएवढा आवाजाचा वैरी मी दुसरा पाहिला नाही.

काका रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. एकतीस वर्षं! हजारो माणसं त्यांच्या आवाजावर धावली, पण एकानंही कधी उलट उत्तर दिलं नाही. देणार तरी कुणाला, भोंग्याला? मग काका निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली. दोन खोल्यांत काका आणि त्यांचा आवाज, एवढंच उरलं. तो वाया जाऊ नये म्हणून ते अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागले. संतांची, सुधारकांची, विचारवंतांची चरित्रं.

दुपारचे दोन वाजले की पंखा बंद. घड्याळ स्वयंपाकघरात, फोन पिठाच्या डब्यात. खिडक्यांवर रजया आणि शेजारच्या भिंतीला काकूंची गादी उभी. खोकला आला, भांडं पडलं, की तेवढं पुसायचं आणि पुन्हा वाचायचं. पानाचा आकडाही खणखणीत सांगायचे, जणू फलाटच! रविवारी मुलीचा फोन यायचा. "बाबा, जेवलात का?" "जेवलो गं. ठेव आता, वाचायचंय." फोन ठेवला की घर खायला उठायचं, पण हे सांगणार कुणाला?

भिंतीपलीकडे एक निवृत्त टायपिस्टबाई राहायच्या. त्याही एकट्याच. सहा वर्षांत दोघांचं बोलणं झालं मोजून चार वेळा, त्यातलं तीनदा पाण्याच्या मोटारीवरून.

त्या मंगळवारी काका एका सुधारकाचं चरित्र वाचत होते. ज्यांना कुणी शेजारी बसू देत नव्हतं त्यांना या माणसानं आपल्या घरात बसवून शिकवलं. घरच्यांनी त्याला वाळीत टाकलं, तर यानं आपल्या दाराची कडीच काढून टाकली. त्र्याऐंशीव्या पानावर तो ध्यानाला बसलाय आणि बाहेरून कुणी हाक मारतं. शिष्य म्हणतो, "उठू नका, ध्यान मोडेल." तो उठतोच. म्हणतो, "ध्यान मोडलं तर पुन्हा लागेल. दारातून परत गेलेला माणूस पुन्हा येईल का?"

काकांचा आवाज त्या दिवशी काय लागला होता! आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून आलं, "अहो... आहे का कुणी?"

काकांनी ऐकलं. खोटं कशाला बोलू, स्पष्ट ऐकलं. पण उठलो तर सगळं पान पहिल्यापासून! असेल मोटारीचं काहीतरी. त्यांनी वाचणं चालूच ठेवलं. हाक थांबली. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

शुक्रवारी एक फोन आला.

"नमस्कार. मी तुमचा श्रोता. जन्मापासून दिसत नाही मला. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो. तुमची सगळी पुस्तकं ऐकलीत."

काकांना मूठभर मांस चढलं. "मग, हे कसं वाटलं?"

"वाचलंत छान. पण त्र्याऐंशीव्या पानावर मागे एक बाई हाक मारतायत. तीनदा. काय हवं होतं त्यांना?"

"अरेरे, राहिलं वाटतं! पुसून नवीन पाठवतो."

"पुसा म्हणून नाही हो फोन केला. आम्हाला कामावर पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं. घंटी वाजली की उचलायचं, राँग नंबर असला तरी उचलायचं. पहिली हाक मोठी आहे. दुसरी बारीक. तिसऱ्या वेळी त्या बाई रडतायत. थोरांची चरित्रं आम्ही तुमच्या तोंडून ऐकतो. तुम्ही ती कुणाच्या तोंडून ऐकता?"

काकांनी बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार! चार दिवसांत पलीकडे साधा नळ तरी वाजला होता का? आठवेना. आठवणार कसा, मध्ये गादी! ते अनवाणीच धावले आणि दार ठोठावलं. कुणी उघडेना. पुन्हा ठोठावलं. देवा, उशीर झाला की काय!

आतून ठक, ठक असा काठीचा आवाज आला. दार उघडलं. बाईंचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मंगळवारी तुम्ही हाक मारली होती," काका कसंबसं म्हणाले.

"हो. बाथरूमच्या दाराशी घसरले. संध्याकाळी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला. दाराला कडी लावलेली नव्हती म्हणून बरं. त्यानंच दवाखान्यात नेलं."

"संध्याकाळपर्यंत! मग हाक का थांबवलीत?"

"तुम्ही वाचत होतात ना," बाई म्हणाल्या. रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी रोजच ऐकते, भिंतीला टेकून. घरात तेवढाच माणसाचा आवाज. तो सुधारक उठला, ते ऐकलं. म्हटलं, आता हेही उठतील. पान संपलं की येतील."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, 'पान चौऱ्याऐंशी.'"

काका उंबऱ्यातच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. हजारोंना वेळेवर गाडीत बसवणारा माणूस चार पावलं चालला नव्हता!

त्याच दिवशी भिंतीची गादी निघाली, फोन पिठातून बाहेर आला. रविवारी मुलगी दचकलीच, "बाबा, आज अर्धा तास बोललात!" आता काका बाईंच्या खोलीत बसून वाचतात आणि चुका त्या धरतात. टायपिस्टच त्या, सोडतात कसल्या!

मित्रहो, थोरांना हार घालणं सोपं आहे आणि त्यांची चरित्रं खणखणीत वाचणं त्याहून सोपं. पण त्यांनी दाराच्या कड्या काढल्या त्या आपण आतून पुन्हा लावून बसावं म्हणून नव्हे. शेजारच्याची हाक हा गोंगाट नाही. ती आली की हातातलं पुस्तक खाली ठेवावं, मग ते कितीही थोर माणसाचं असो.

त्र्याऐंशीवं पान काकांनी पुन्हा वाचून पाठवलं. ते रंगात आलं असतानाच कुणीतरी दार वाजवतं. खुर्ची सरकते, चपला फरफटतात आणि काकांचा आवाज येतो, "आलो, आलो!" मग बराच वेळ काहीच नाही. ते त्यांनी पुसलेलं नाही. तो ऑपरेटर म्हणतो, अख्ख्या पुस्तकात मला तेवढंच पाठ आहे.