मागून कडी लाव

मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराची. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला जमणार नाही. माझ्या अंगावर गंज आहे आणि डोक्यात राग.

लोहाराने मला घडवलं, सुताराने दाराच्या मधोमध बसवलं. तेव्हा या घरातली आई टायपिस्ट होती. रोज सकाळी पर्स घेऊन निघायची आणि लेकीला बजावायची, "मागून कडी लाव गं!" लेक दोन्ही हातांनी मला सरकवायची. महिन्यातून एकदा मला तेलही मिळायचं. ते दिवस चांगले होते.

मग आईला विसर पडू लागला. नोकरी संपून अठरा वर्षं झाली, हेही ती विसरली. पर्स काखेत मारून दिवसातून वीस वेळा दाराशी येते. "उघडा हो, माझी बस चुकेल!" एकदा खरंच निघून गेली, ती संध्याकाळी सापडली. दुसऱ्या दिवशी सुताराने मला काढून दाराच्या पार वरच्या टोकाला ठोकलं. तिथे आईचा हात पोचत नाही. लेकीचा पोचतो, पण तिचा पाय घरातून निघत नाही. कोंडायचं होतं एकीला, अडकल्या दोघी.

लेकीला सगळे ताई म्हणतात. महिनाभर तिची दाढ ठणकते आहे, गाल सुजला आहे. दातांच्या डॉक्टरांची वेळ तिने तीनदा रद्द केली, कारण आईजवळ बसायला कोणी नाही. एका बाजूने चावते, डोकेदुखीच्या गोळ्या गिळते आणि म्हणते, "माझं काय, बघू नंतर." मला तिचासुद्धा राग येतो!

पण तळपायाची आग मस्तकात जाते ती पाहुण्यांमुळे. भाऊ, मावशी, शेजारचे काका. पंधरा मिनिटं बसतात, ताईच्याच हातचा चहा पितात आणि निघताना मला ओढत म्हणतात, "काळजी घे हं!" कोणाची? आईची ती घेतेच आहे. स्वतःची घ्यायला तिला वेळ कोण देणार? भाऊ तर वर म्हणतो, "मला फार काळजी वाटते गं." काळजी करायची याने आणि घ्यायची हिने! ही वाटणी केली कोणी?

गेल्या बुधवारी भाऊ आला. ताई म्हणाली, "अर्धा तास बस. खालून आईची औषधं आणते. मागून कडी लाव." कानाला लावलेला फोन न काढता त्याने मला जोरात आदळलं. मी तिरकी होऊन अडकले. खरं सांगू? थोडी मुद्दामच.

ताई परत आली, तर दार उघडेना. सुताराला फोन केला. यायला दोन तास लागतील म्हणाला. ताई जिन्यात उभी राहिली. पायात घरातल्या चपला, हातात औषधांची पिशवी, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच करायला काही नाही.

"आई बरी आहे ना?" तिने दाराला तोंड लावून विचारलं.

"बरी आहे, पण मला ओळखतच नाहीये! मी काय करू?"

"मी रोज करते तेच कर. मी दाढ दाखवून येते."

आत आईने भावाला कंडक्टर ठरवलं आणि चाळीस वेळा बस थांबवायला सांगितलं. मग तिचे कपडे ओले झाले. कोरडे कुठे असतात, हे लेकाला ठाऊक नव्हतं. तो शोधत होता, पुसत होता, आणि आई त्याला चापट्या मारत होती, "सोड! तू कोण रे?" शेवटी तो माझ्याखाली जमिनीवर बसला आणि रडला. मला कीव आली, पण मी हलले नाही.

सुताराने फटीतून पटाशी घालून मला सोडवलं. ताई आली ती तोंडात कापूस धरून. तिला बोलता येईना. "नवी कडी बसवू का?" सुताराने विचारलं. भाऊच म्हणाला, "नको. हिलाच तेल घाला." निघताना सवयीने त्याच्या तोंडी आलं, "काळजी..." आणि तो थांबला. मग म्हणाला, "पुढच्या बुधवारी किती वाजता येऊ?"

ताईने चार बोटं दाखवली.

मित्रांनो, अशा घराच्या उंबऱ्यावर उभं राहून काळजी करत बसू नका. चपला काढा, आत बसा. आणि सांभाळणाऱ्यांनो, "बघू नंतर" म्हणू नका. दाढ तुम्हालाही आहे.

आज बुधवार. चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ताई बाहेरच्या चपला घालून दाराशी उभी आहे. तो आला तर उत्तम. नाही आला तर परत कधीतरी येईलच, आणि माझा गंज अजून पुरता उतरलेला नाही.