फुगलेले राखणदार

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, काळ्या पडद्याआड माझं टेबल आहे. उन्हाचं आणि माझं जमत नाही. सव्वीस वर्षं अंधारात बसून दुसऱ्यांना दाखवत आलो, आता थकलो आहे. मला स्वतःला काही पाहायची हौस उरलेली नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझी भिंगं घासणारा कारागीर बडबड्या होता. एकेका भिंगापाशी चार चार दिवस बसायचा आणि म्हणायचा, "आता याच्यासमोर कुणाला शेंडी लावता येणार नाही." भला माणूस, पण त्याला माणसं ठाऊक नव्हती. भिंग कितीही स्वच्छ असो, त्याच्यामागे डोळा असतो आणि डोळ्यामागे मन.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की माझं आवरण काढून मला मिरवत. पुढे शेजारच्या खोलीत संगणकाला जोडलेले माझे नवे भाऊबंद आले आणि मी 'तो जुना' झालो. बाईंनी मात्र मला सोडलं नाही. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचं काम पक्षाघाताचं.

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरतो. मग मेंदूतल्या राखणदार पेशी धावून येतात. एरवी त्या बारीक फांद्या पसरून गुपचूप बसलेल्या असतात, झटक्यानंतर फुगून गोल होतात. पडझड आवरतात हे खरं, पण थांबायचं कधी ते त्यांना कळत नाही. आग विझवायला आलेल्यांनी शेजारचं चांगलं घरही पाडून ठेवावं, तसं होतं. यालाच मेंदूचा दाह म्हणतात.

बाईंचा प्रश्न साधा होता. बाहेर वाढवलेल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, रक्तातून दिल्या तर हे राखणदार शांत होतात का? त्यासाठी मुद्दाम झटका आणवलेले उंदीर होते. काहींना झटक्यानंतर दोन दिवसांत पेशी मिळत, काहींना महिन्यानं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. शेवटी त्यांच्या मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर माझ्याखाली येत. बाई एकेक राखणदार पाहून मोजणीयंत्राचा खटका दाबत. फुगलेल्यांचा खटका डाव्या हातात, शांत असलेल्यांचा उजव्या.

हे काप करणारे काका प्रत्येक काचपट्टीवरची चिठ्ठी कागदी पट्टीनं झाकून वर नुसता आकडा लिहीत. कोणत्या उंदराला काय दिलं ती यादी त्यांच्या कपाटात कुलूपबंद असे. मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, ते माझ्या नळीतूनही दिसतं.

एक चोरवाट मात्र होती, आणि ती माझ्याच अंगात होती. पेशी देण्याआधी त्यांना हिरवा रंग लावलेला असे. राखणदारांना लाल. माझी रंगाची चकती लालवर असली की फक्त राखणदार दिसत. ती एक घर फिरवली, की पेशी मिळालेल्या उंदराच्या कापात हिरवे ठिपके चमकत. मोजणी संपेपर्यंत चकतीला हात लावायचा नाही, हा बाईंचाच नियम.

मग बाईंच्या मोठ्या भावाला झटका आला. दादा शिंपी होता. आईवडिलांमागे त्यानंच मशीन चालवून बाईंना शिकवलं होतं. आता त्याचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं तुटक झालं. व्यायामाचा दवाखाना आमच्या समोरच होता, म्हणून व्यायाम झाला की वहिनी त्याला इथे आणून स्टुलावर बसवत. असं वर्ष गेलं.

एका दुपारी वहिनींनी पर्समधून एक पत्रक काढलं. कुठल्याशा दवाखान्यात स्टेम सेलची सहा इंजेक्शनं देतात आणि महिन्याभरात हात हलतो, असं त्यावर छापलं होतं.

"तुम्ही रोज हेच करता ना?" वहिनी म्हणाल्या. "मग तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हटलंत की आम्ही निघालोच."

दादा बाईंकडे वळून म्हणाला, "चिमे... होईल?"

"ही मोजणी संपू दे दादा. पंधरा दिवस थांब."

मंगळवारी बाईंनी चकती फिरवली. पहिल्यांदा नुसती चाळा केल्यासारखी, मग प्रत्येक काचपट्टीला. मी पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. हिरवे ठिपके दिसले, की अर्धवट फुगलेला राखणदारही उजव्या खटक्यात जाऊ लागला. ठिपके नसले की तसाच राखणदार डाव्या. बाई लबाड नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटत होतं.

आकडे झकास आले. दुसऱ्या दिवशी वहिनींना कळवायचं होतं. संध्याकाळी काका मला आवरण घालायला आले आणि थबकले.

"बाई, चकती हिरव्यावर आहे."

बाईंनी आकड्यांची वही मिटली. "मी पाहिलं, काका."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

काका रागावले नाहीत. सगळ्या काचपट्ट्या उचलून घेऊन गेले आणि नव्या पट्ट्या, नवे आकडे लावून परत आले. "आता तुम्ही नाही मोजायचं," एवढंच म्हणाले.

समोरच्या प्रयोगशाळेत डासांवर काम करणारी एकजण होती. तिला सगळे डासवाली म्हणत. "मला काय, डास नाही तर राखणदार," म्हणत ती बसली आणि महिनाभर मोजत राहिली. चकतीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्या दिवसांत वहिनी दोनदा येऊन फणकाऱ्यानं परत गेल्या.

मग काकांनी कपाटातली यादी काढून आकडे जुळवले. दोन दिवसांत पेशी मिळालेल्या उंदरांत फुगलेले राखणदार थोडे कमी निघाले. महिन्यानं मिळालेल्यांत काहीही फरक नव्हता.

बाईंनी स्टूल ओढलं आणि दादाच्या शेजारी बसल्या. "दादा, लगेच दिलं तर थोडा उपयोग होतो, तोही उंदरांत. उशिरा दिलं तर मला काही दिसलं नाही. तुला वर्ष होऊन गेलं. ते इंजेक्शन घेऊ नकोस."

"मग एवढी वर्षं तुम्ही केलंत तरी काय?" वहिनी म्हणाल्या.

"मोजलं," बाई म्हणाल्या.

दादानं डाव्या हातानं पत्रक घेतलं, कसंबसं दुमडलं आणि वहिनींच्या पर्सवर ठेवलं. मग बाईंकडे पाहत राहिला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"चिमे... जेवलीस... का?"

तेव्हा कुठे बाई रडल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी घेणं सोपं आहे. भिंगं मऊ कागदानं पुसा, काम झालं की आवरण घाला. आशाही खुशाल बाळगा, तिच्याशिवाय एवढं कोण मोजत बसेल? पण मोजायला बसाल तेव्हा तिला चकतीला हात लावू देऊ नका. कारण शेजारी स्टुलावर कुणाचा तरी दादा बसलेला असतो, आणि तुमच्या एका शब्दावर तो सुईपुढे हात करणार असतो.