शोधाचा रकाना

अभ्यासानं माणूस शहाणं होतं म्हणतात. थोरली मात्र गेल्या दोन वर्षांत नुसती घाबरट झाली होती. दिवसा ती श्वासयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करायची आणि संध्याकाळी विद्यापीठात पुरवठा साखळीतल्या जोखमीचा अभ्यास. पदव्युत्तर पदवीचं शेवटचं सत्र होतं. लिफ्टमध्ये शिरली, की ही बंद पडली तर सुटा भाग कुठून येईल, इथून तिच्या डोक्यात चक्र सुरू. औषधाची गोळी तोंडात टाकण्याआधी ती पाकिटामागचा कारखान्याचा पत्ता वाचायची. घरात कुणाला सर्दी झाली, तर कुणाचं काय काय अडेल हे तिनं मोजायला घेतलंच म्हणून समजा.

"तुझ्या अभ्यासापायी या घरात सुखानं शिंकायची सोय राहिली नाही," आई म्हणायची.

प्रबंधासाठी तिनं श्वासयंत्रातली एक सुरक्षा झडप निवडली होती. झडप पुरवणारे दोन होते, त्यामुळे कंपनी निश्चिंत होती. एक अडला तर दुसरा आहे. थोरली त्या दोघांच्या मागे गेली, त्यांना माल कोण देतं ते विचारत. आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. झडपेतली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग दोघंही एकाच ठिकाणाहून घेत होते. तिच्या बाबांच्या वर्कशॉपमधून.

बाबा माल कुणाला देतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. बाबांनाही तो पुढे कुठे जातो याचं सोयरसुतक नव्हतं. तार गुंडाळायला मशीन होतं, पण स्प्रिंगच्या टोकाचं वळण, ज्याला ते आकडा म्हणत, ते बाबा स्वतः पकडीनं घालत. आकडा जरा उघडा राहिला तर झडप वेळेवर मिटत नाही. तो त्यांच्यासारखा घालणारं वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आणि बाबांचा हात थरथरायला लागला होता. एका रविवारी ती त्यांना बोलवायला वर्कशॉपवर गेली, तेव्हा दारातूनच तिनं पाहिलं. पकड तारेपर्यंत गेली, चुकली, परत गेली. मग बाबांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि आकडा घातला. ती दोन पावलं मागे सरली आणि खोकत, चपला वाजवत पुन्हा आत आली. घरी या विषयावर दोघंही मूग गिळून होते.

प्रबंधातल्या तक्त्यात प्रत्येक धोक्याला तीन आकडे द्यायचे असतात, एक ते दहामधले. बिघाड किती घातक, किती वेळा होऊ शकेल, आणि घडण्याआधी कळेल का. या तिसऱ्याला ते शोधाचा रकाना म्हणत. तो उलटा चालतो. चटकन कळणार असेल तर एक, कळणारच नसेल तर दहा. पहिल्या सत्रात निम्मा वर्ग तिथे तोंडावर आपटला होता. तिन्हींचा गुणाकार मोठा, तर जोखीम मोठी. 'स्प्रिंगचा एकमेव कारागीर' या ओळीत थोरलीनं लिहिलं होतं : नऊ, तीन, एक. सत्तावीस. म्हणजे काळजीचं काही नाही.

तिच्या मार्गदर्शक बाईंचा प्रत्येक प्रश्न 'पण जर'नं सुरू व्हायचा, म्हणून वर्गात त्यांचं नावच पण-जर बाई पडलं होतं. तोंडी परीक्षेची रंगीत तालीम चालू होती. बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"एक कसा? रकाना उलटा वाचलास की काय?"

थोरली म्हणाली, नाही, हात बिघडला तर लगेच कळेल.

"कुणाला?"

मला, हे तिच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "संबंधितांना."

"पण जर संबंधितांनी सांगितलंच नाही, तर?"

वर्गात कुणीतरी हसलं. थोरलीनं ती ओळ पुन्हा वाचली. रकाना तिनं उलटा वाचला नव्हता. चूक त्याहून निराळी होती. आपल्याला ठाऊक आहे म्हणजे साखळीला ठाऊक आहे, असं तिनं धरलं होतं. बिघाड ओळखणारं यंत्र म्हणून तिनं स्वतःलाच तक्त्यात बसवलं होतं, आणि ते यंत्र तोंड शिवून बसलं होतं.

एकाचे दहा केले, की गुणाकार सत्ताविसावरून दोनशे सत्तरवर. परीक्षा घ्यायला तिच्या कंपनीचे खरेदीप्रमुखही येणार होते. दुसरा स्प्रिंगवाला तयार होईपर्यंत झडपांची ऑर्डर थांबवा, हे ते तिथल्या तिथे म्हणतील. बाबांच्या वर्कशॉपमध्ये दुसरं काम नव्हतं. आणि दहा नाही केले, तर एखाद्या दवाखान्यात, कुणाच्या तरी तोंडाला लावलेल्या यंत्रात, एक आकडा उघडा राहील.

ती बसमध्ये बसली, उठली, पुन्हा बसली. दोन थांबे आधीच उतरली. पायाला भिंगरी लागल्यासारखी चालत सुटली आणि थेट वर्कशॉपवर पोचली. बाबा मशीन पुसत होते. आज इकडे कुठे वाट चुकलीस, त्यांनी विचारलं.

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झडप, दोन पुरवठादार, तक्ता, ऑर्डर. रविवारचं सांगताना मात्र ती जमिनीकडे बघत होती.

बाबांनी पुसलेलंच मशीन पुन्हा एकदा पुसलं. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, दारात येऊन कुणी एवढं खोकतं होय."

"तुम्हाला कळलं होतं?"

"चपलांचा आवाज दारापाशी आला, मागे गेला नि परत आला. हात गेला, कान नाही गेले अजून." त्यांनी फडकं झटकलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसलो होतो. मूठच राहीना तर झाकायचं काय? दाखव तुझा तक्ता."

तिनं पानं पुढे केली. बाबांनी चष्मा चढवला. प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यांनी तिच्याकडून दोनदा समजून घेतला. नऊवर मान डोलावली. शेवटच्या रकान्यापाशी म्हणाले, "इथे दहा कर. तू पाहिलंस ते सोडलं, तर मी कुणाला कळू दिलेलं नाही."

तिनं एकावर काट मारली. दहा लिहिले. ऑर्डर थांबेल बाबा, ती म्हणाली. त्यांचं बोट मधल्या रकान्यावर सरकलं आणि तिथे हलत राहिलं.

"हा तीन कुठून आणलास?"

अंदाजानं, ती म्हणाली.

"सहा कर. परवाचा अख्खा ट्रे मोडीत टाकला. त्याच्या आधीचाही." त्यांनी चष्मा काढला. "माझा आकडा चुकायला लागला गं. निदान तुझा तरी चुकू देऊ नकोस."

तिनं सहा लिहिले. अक्षर तिचंच असून तिला ओळखू येईना.

"गुणाकार किती झाला आता?"

उत्तर तिला कधीच आलं होतं. तरी तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि एकेक अंक सावकाश दाबत बसली.