मधल्या विमानतळावर राहिलेली बॅग

मी बॅग बोलतेय. काळपट लाल रंगाची, पोटाशी दोन खण असलेली. दुकानातच माझ्या कडेला एक ओरखडा पडला होता, म्हणून गिऱ्हाइकं मला उचलून पुन्हा खाली ठेवायची. एक दिवस एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी चेन दोन-चारदा उघडली-मिटली, अस्तर उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "शिलाई चांगली आहे. हीच द्या."

हे माझे मास्तर. व्यवसायाने शिंपी. रस्त्याकडेला एक खोली. पुढच्या भागात मशीन, मागच्या भागात संसार. संसार म्हणजे आता ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूरदेशी. खोलीत माणसाचा आवाज असा यायचा तो गिऱ्हाइकांचा, आणि तोही बहुतेक तक्रारीचाच.

मुलगी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. जावई जहाजावर नोकरीला, भर समुद्रात. म्हणजे तीही तिकडे एकटीच.

"बाबा, इथल्या दुकानातला सगळ्यात लहान कपडाही त्याला पांघरुणासारखा होतो," ती फोनवर म्हणाली.

"छाती किती?"

"असं काय विचारता हो?"

"माप सांग, बाळा."

तिने सांगितलं. मास्तरांनी ते खडूने मशीनच्या फळीवर लिहून घेतलं. मग त्यांनी मशीनवरचं सगळं काम बाजूला सारलं.

एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर त्यांनी फाडली. तिची झबली शिवली, टोपडी शिवली. बाळाच्या अंगाला नळ्या लावलेल्या असतात हे त्यांनी मुलीला विचारून घेतलं होतं, म्हणून प्रत्येक झबलं कडेने उघडणारं, नाडीने बांधायचं. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे कातडीला टोचायला नको. एकेक झबलं त्यांच्या तळहातावर मावायचं. ते सगळं त्यांनी माझ्या आतल्या खणात ठेवलं आणि आपले दोन सदरे, एक स्वेटर असं कुठेतरी कोपऱ्यात कोंबलं.

तिकिटं पुतण्याने काढून दिली. सरळ जाणारं विमान नव्हतं. मध्ये एका देशात उतरून दुसरं विमान घ्यायचं, तिथून उतरल्यावर मुलीच्या गावाला बस. पुतण्याला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं मिळाली. वेगळी तिकिटं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मास्तरांना तर नव्हतंच. विमानतळावरच्या माणसाने माझ्या मुठीला कागदाची पट्टी गुंडाळली. तिच्यावर फक्त मधल्या विमानतळाचं नाव होतं. मास्तरांनी मला थोपटलं आणि म्हणाले, "चल, भेटू तिकडे."

मी उतरले ती एका मोठ्या दालनात, फिरत्या पट्ट्यावर. इतर बॅगांना न्यायला माणसं येत होती. कुणी कुणाला चुकून उचलायचं, पट्टी वाचायचं, ओशाळून परत ठेवायचं. हळूहळू पट्टा रिकामा झाला. मी फिरतच राहिले.

आणि मग वर लक्ष गेलं. वरच्या मजल्यावर लांबलचक काच होती आणि काचेमागे माझे मास्तर उभे होते. मी त्यांच्यासमोरून गेले की त्यांची मान माझ्याबरोबर वळायची. मी पडद्यामागे जाऊन पुन्हा बाहेर येईपर्यंत ते तिथेच. एकदा त्यांनी काचेवर हात टेकला. मग कुणीतरी त्यांच्या खांद्याला स्पर्श केला, त्यांनी मागे पाहिलं, आणि मी पुढची फेरी पुरी करून आले तेव्हा काचेमागे कुणी नव्हतं.

वर काय घडलं ते मला फार नंतर कळलं, मास्तर शेजारच्या वहिनींना सांगत होते तेव्हा.

काउंटरवरची मुलगी त्यांना म्हणाली होती, "तुमची बॅग इथपर्यंतच होती. ती घेऊन पुढच्या कंपनीकडे पुन्हा द्यावी लागते."

"मग घेतो की."

"बॅग सीमेच्या पलीकडे आहे. तिकडे जायला आमच्या देशाचा व्हिसा लागतो."

"मला तुमच्या देशात यायचंच नाहीये. फक्त बॅग घ्यायची आहे."

"तो पट्टा देशात आहे," ती म्हणाली. चेष्टा नव्हती करत, बिचारीचा चेहरा पडला होता. "आणि तुमच्याशिवाय ती बॅग दुसरं कुणी पुढे पाठवू शकत नाही. परवानगीसाठी थांबायचं तर थांबा. पण हे विमान जाईल. तिकिटं वेगळी आहेत, त्यामुळे दुसऱ्या विमानात कुणी बसवून देणार नाही."

विमान गेलं की बसही गेली. तिकडे मुलगी पेटीपाशी बसून वाट बघत होती. मास्तर मला एकदा बघून आले आणि विमानात बसले. रिकाम्या हातांनी.

मला त्यांचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं.

माझी रवानगी तळघरातल्या एका खोलीत झाली. तिथे आम्ही पुष्कळ जणी होतो. एक गिटारीची पेटी होती, एक लहान मुलांची ढकलगाडी होती. ज्यांचं कुणी आलं नाही, अशांचीच ती वस्ती. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. बोलून काय सांगणार, प्रत्येकीला आपल्या माणसाचाच घोर. खोली सांभाळणाऱ्या बाईने एकदा तपासणीसाठी मला उघडलं. झबली पाहिली, एक हातात धरून उजेडात नेलं. मग होती तशी घडी करून ठेवली आणि सहकाऱ्याला म्हणाली, "हिला निकालात काढू नका. हिच्या माणसाच्या मुलीचा फोन येतो सारखा."

"येतो म्हणतात सगळेच."

"हा येईल."

किती काळ गेला सांगता येत नाही. तिथे दिवस-रात्र सारखीच. ढकलगाडी गेली, गिटारीची पेटी गेली, कुठे ते कळलं नाही. मग एकदा दार उघडलं आणि ओळखीचा खोकला ऐकू आला. मुलीने या वेळी परतीच्या प्रवासात मधल्या देशाची परवानगी आधीच काढून दिली होती. मास्तर सीमा ओलांडून, शिक्का मारून घेऊन, थेट माझ्यापर्यंत आले होते.

"उशीर झाला गं," ते म्हणाले. खोली सांभाळणारी बाई दुसरीकडे बघू लागली.

मग तिने हातांनी पाळणा करून खुणेने विचारलं, बाळ कसं आहे. मास्तरांनी दोन्ही गाल फुगवून दाखवले. ती हसली. तिकडे पोचल्यावर मास्तरांनी मुलीच्या उशीच्या अभ्र्याचे कपडे हातानेच शिवले होते, सुई-दोरा नर्सकडून मागून घेऊन. आता नातू असा गुटगुटीत झाला होता की माझ्यातली झबली त्याच्या मुठीवरही चढली नसती.

घरी आल्यावर मास्तरांनी ती माझ्यातून काढलीच नाहीत. मला कपाटावर ठेवलं. मुलगी फोनवर बोलवायची, "बाबा, या ना पुन्हा." ते म्हणायचे, "बघू, थंडी सरली की." थंडी सरायची, मग उन्हाळा सरायचा. गुडघे कुरकुरायला लागले होते, हे ते तिला सांगत नसत.

मग शेजारच्या वहिनींची मुलगी शिकायला परदेशी निघाली. मास्तरांनी मला खाली उतरवलं, झबली काढून मशीनच्या खणात ठेवली आणि माझं एक ढिलं झालेलं चाक घट्ट करून दिलं.

"बॅग शेवटपर्यंत जाते का, ते विचारून घे," ते तिला म्हणाले. "मध्ये घ्यावी लागणार असेल तर तिथला व्हिसा लागतो का ते विचार. उतरल्यावर शेवटची गाडी किती वाजता तेही. लाजू नकोस. मी लाजलो होतो."

"विचारीन, मास्तरकाका."

तिने विचारलं. मी सरळ पोचले.

आता मी तिच्या वसतिगृहातल्या खोलीत, कॉटखाली असते. रिकामी. लोकहो, प्रवासाला निघालात की आमच्या मुठीवरची पट्टी एकदा वाचत जा. आम्हाला रस्ता माहीत नसतो. तिच्यावर लिहिलेलं असतं तिथेच आम्ही उतरतो.

मास्तरांचा फोन येतो अधूनमधून. तिची चौकशी दोन वाक्यांत संपते, मग त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून विचारतात, "बॅगेचं चाक कसं आहे?"

आधी ती म्हणायची, "छान आहे, काका." आणि फोन संपायचा.

हल्ली म्हणते, "जरा करकरतंय हो." मग मास्तर खुलतात. कुठे तेल सोडायचं, किती सोडायचं, कापडाने कसं पुसायचं, सगळं सावकाश समजावतात. ती कॉटवर मांडी घालून "हं, हं" करत ऐकत बसते.

चाक अगदी ठणठणीत आहे. मी गप्प राहते.