एकमताने

आखातात, अल क्वोजच्या पलीकडे, नव्वदीच्या शेवटी एक नवी वसाहत उभी राहिली. पुढे साहेबलोकांचे फ्लॅट, मागे कामगारांच्या बराकी. वसाहतीला स्वतःची सनद होती आणि त्या सनदेप्रमाणे वरच्या मंडळाने पाच जणांची एक समिती नेमली. तीत मेंटेनन्सच्या राजनचं नाव आलं. त्याने मोठ्या हौसेने मिठाई आणली.

"निवडून आलास की नेमलंय?" सुनेत्राने विचारलं.

"नेमलंय."

"मग मिठाई कसली? बाबा पुण्यात जन्मभर समित्यांवर होते. चहा प्यायचा, अहवाल द्यायचा, अहवालावर धूळ बसायची."

राजन हसला. बायकोचं म्हणणं त्याला मनापासून पटलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

समितीपुढे पहिलाच विषय आला तो दगडूच्या चुलीचा. दगडू संगमेश्वरकडचा, राजनच्याच हाताखाली हेल्पर. बराकींच्या मागे त्याने पत्र्याची शेड ठोकली होती आणि जुम्म्याच्या सुट्टीला तिथे कोकणातली सगळी पोरं जमायची. आठवडाभर मेसमधले चिवट खुबूस-रोट चावणाऱ्या माणसांना त्या दिवशी तांदळाची गरम भाकरी आणि सुकट मिळायची. धूर पुढच्या फ्लॅटांत जातो, आग लागेल, अशी तक्रार झाली होती. तक्रार करणाऱ्या शहनाझबाई स्वतः समितीवर होत्या आणि त्यांचे यजमान राजनचे बॉस. आता बोला!

राजन पाहणीला गेला. म्हणजे, जेवायलाच गेला. दगडूने त्याला पाटावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली.

"सायब, मी येऊ का कमिटीम्होरं? लाकडं लांब ठेवतो, पत्रं मागं सरकवतो, सांगाल ते करतो. पन चूल तेवढी ऱ्हाऊ द्या. पोरं हितंच काय ती हसतात बोलतात."

राजनचं तोंड भरलेलं होतं. "अरे, येतोस कशाला? हाफ डे फुकट जाईल. समिती नेमली ना? मग समज विषय खलास. वर्षभर कागद फिरतील. तू भाकऱ्या थाप."

दगडूने साहेबाचा शब्द मानला आणि तो आला नाही.

बैठकीत जमाल या सुदानी कायदा अधिकाऱ्याने नेहमीप्रमाणे आधी नियम वाचून दाखवला. समितीचं काम सल्ला देण्याचं. मात्र पाचही जणांचं एकमत झालं आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने हरकत घेतली नाही, तर तो सल्लाच हुकूम ठरतो. एकानेही वेगळं मत दिलं तर प्रकरण मंडळाकडे जाणार, तिथे रीतसर सुनावणी होणार. राजनचं लक्ष सामोशांकडे होतं.

चौघांनी शेड पाडा म्हणून सांगितलं. जमालने त्याच्याकडे पाहिलं. "मिस्टर राजन, एनी डिफरंट ओपिनियन?"

शहनाझबाईही बघत होत्या. राजनच्या मनात आलं, नाहीतरी होणार काय आहे? उगाच बॉसच्या घरी वाकडेपणा कशाला? त्याने मान हलवली. "नो, नो. सेम."

आठवडा उलटायच्या आत शेड भुईसपाट झाली. राजन धापा टाकत जमालच्या ऑफिसात गेला. "पण आपण तर फक्त सल्ला दिला होता!"

जमाल गोंधळला. "मी वाचून दाखवलं होतं की. तुम्ही एकट्याने वेगळं मत दिलं असतं तरी शेड आज उभी असती. आणि तो माणूस? त्याला बोलावलं होतं. का नाही आला?"

राजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगडूला थांबवलं त्यानेच, आणि जिथे बोलायचं तिथे गप्प बसला तोही तोच. पुण्यातल्या समितीवर असतो तर आपण वाचलो असतो, असा एक लाजिरवाणा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

जुम्म्याच्या दुपारी दारावर दगडू उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा.

"बराकीत ठेवायला मनाई केली, सायब. तुमच्याकडं असू दे. वैनींना सांगा, भाकरी झ्याक फुगते याच्यावर."

"दगडू, अरे, ती मीटिंग..."

"जाऊ द्या वो. चौघांम्होरं एकट्याचं कोन ऐकनार? तुमी आमच्यासाठी भांडलात, बास झालं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. राजनने तोंड उघडलं. "आत ये, चहा घे," तो म्हणाला.

"नको, मेस बंद व्हईल." दगडू गेला.

सुनेत्राने त्याच दिवशी पीठ मळलं. पहिली भाकरी टम्म फुगली तशी त्यांची लेक आभा ओरडली, "वाव, लाइक अ बलून! डॅड, हू गेव्ह अस दिस?"

"दगडूने."

"बट व्हाय?"

राजनने भाकरी मोडली. वाफ बोटांना चटका देऊन गेली. "मी त्याची बाजू घेतली म्हणून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

सुनेत्राने वळून पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत इतक्या कौतुकाने तिने त्याच्याकडे क्वचितच पाहिलं असेल. "उगीच हसले मी तुझ्या समितीला," ती म्हणाली, आणि तव्यावरची दुसरी भाकरी तिने त्याच्या ताटात टाकली.

ती त्याने खाल्ली.